सोमा मार्करचा चेंडू

आयुष्यात फक्त पंधरा दिवस मी स्वतःला टेनिसपटू समजत होतो, आणि ते पंधरा दिवस फार मजेत गेले.

चांद्याच्या शाळेत भूगोल शिकवायला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. एके दिवशी हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, की खेळाचे मास्तर लांबच्या रजेवर गेलेत, तेव्हा आजपासून खेळ तुमच्याकडे. मला खेळातलं काही कळत नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. "त्यांना तरी कुठं कळत होतं?" असं म्हणून हेडमास्तरांनी समोरच्या कागदांत डोकं घातलं. मग निदान बघून तरी यावं म्हणून त्या संध्याकाळी मी सिव्हिल लाइनमधल्या क्लबात गेलो. क्लब साहेबांच्या राज्यातला. साहेब गेले, आणि मागे राहिलेले अधिकारी नि वकील आत बसून पत्ते कुटत. बाहेर टेनिसच्या मैदानावर एक काळा, काटक, पन्नाशीचा माणूस पांढरी हाफपँट घालून, वाकून चुन्याची रेघ मारत होता. नाव सोमा मडावी. पण कचेरीपासून बाजारापर्यंत सगळे त्याला सोमा मार्करच म्हणत.

मार्कर म्हणजे क्लबानं पगारावर ठेवलेला खेळाडू. ज्या मेंबराला जोडीदार मिळाला नसेल त्याच्याशी त्यानं खेळायचं. आणि एकदा खेळायचे पैसे घेतले, की त्या काळच्या नियमाप्रमाणे त्या माणसाला कुठल्याही स्पर्धेत उतरता येत नसे. सोमानं ते पैसे पंधराव्या वर्षी घेतले होते. मूल गावाकडच्या जंगलातून आलेल्या त्या मुलाला हा नियम कुणी सांगितला असेल असं मला वाटत नाही. सांगितला असता तरी त्यानं पैसे घेतलेच असते.

"खेळता का, मास्तर?" त्यानं विचारलं आणि माझ्या हातात रॅकेट दिली.

मी खेळलो, आणि काय सांगू, मला येतच होतं! चेंडू यायचा, मी मारायचो, तो पुन्हा यायचा, मी पुन्हा मारायचो. आठव्या दिवशी मी सोमाला सहा-चार असं हरवलं आणि घरी थोरल्या भावाला पत्र लिहिलं, की टेनिसमध्ये मला उपजत गती दिसते. पंधराव्या दिवशी क्लबाच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत पडलेले वामनराव वकील मला म्हणाले, "मास्तर, एक सांगा. तुमच्या डाव्या अंगाले आजवर एक तरी चेंडू आला का?"

मी आठवून पाहिलं. एकही आला नव्हता.

"तो तुमाले खेळवून राह्यला," वकील समाधानानं म्हणाले. "आमाले बी तसाच खेळवते. मी तं त्याले बारा वर्षांपासून हरवून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी मी जरा घुश्शातच गेलो आणि म्हटलं, "सोमाजी, आज खरं खेळा."

"खराच खेळतो ना, मास्तर," तो म्हणाला. "चेंडू दूर फेकाले का लागते? कोनीबी फेकन. पन समोरच्याच्या हातात नेऊन ठेवनं, अन् त्याले समजू बी नाई देनं, हे करून पाहा."

मी करून पाहिलं. चेंडू बाहेरच्या बाभळीत गेला.

त्याला ज्या म्हाताऱ्या मार्करनं शिकवलं होतं त्याची शिकवण सोमा पाठ म्हणून दाखवी. साहेबाले पळवाचं नाई, साहेबाले घामाघूम कराचं नाई, अन् जिंकाचं तं नाईच. आणखी एक रीत होती. खेळ संपला, की मेंबर खुर्चीकडे जाणार आणि मार्कर पाठ फिरवून चेंडू गोळा करायला लागणार. पहिल्या दिवशी मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे जाळीवरून हात पुढे केला, तर हा माणूस केव्हाच पलीकडच्या कोपऱ्यात चेंडू वेचत होता. त्याला दिसलं नसेल असं समजून मी हात खिशात घातला. नंतर लक्षात आलं, की त्याला सगळं दिसे, पण जाळीपाशी तो कधीच येत नसे.

त्या मैदानावर मात्र त्याचं राज्य होतं. दर हिवाळ्याच्या तोंडावर तो बैलगाडी घेऊन जंगलात जाई आणि वारुळाची माती आणी. मुंग्यांनी राहतं ठेवलेल्या वारुळाला तो हात लावत नसे. सोडून दिलेलं वारूळ शोधत दोन-दोन दिवस हिंडे. ती माती चाळून मुरमात मिसळायची, पाणी मारून रूळ फिरवायचा, आणि वरून त्याची बायको मैनाबाई दोन बायका घेऊन सगळं मैदान शेणानं सारवून काढी. जाळी फाटली, की इरई नदीकाठचा ढिवर येऊन ती मासे धरायच्या जाळ्यासारखी विणून देई. टाचेचे बूट घालून एकदा एक डेप्युटी साहेब त्या सारवलेल्या मैदानातून आडवे चालले, तेव्हा मैनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "चुलीपाशीबी असेच जाता का जी?" साहेब निमूटपणे वळसा घालून गेले.

सोमाची माझी दोस्ती झाली ती एका पत्र्याच्या डब्यामुळे. साहेब लोक बदलून जाताना त्याला इंग्रजीत चिठ्ठी देऊन जात. त्या सगळ्या त्यानं डब्यात जपून ठेवल्या होत्या, पण वाचता येत नव्हत्या. एका रविवारी त्यानं डबा माझ्यापुढे ठेवला. मी एकेक चिठ्ठी वाचून मराठीत सांगत गेलो. 'सोमाशी खेळताना फार आनंद होतो.' पुढची, 'सोमाशी खेळणं म्हणजे सुख.' तिसऱ्या साहेबांना सोमाशी खेळून दिवसभराचा शीण गेल्यासारखं वाटे. सगळ्या चिठ्ठ्या अशाच होत्या.

सोमा लक्ष देऊन ऐकत होता. डबा रिकामा झाल्यावर म्हणाला, "अन् मी खेळतो कसा, ते नाई लिवलं कोनी?"

मी पुन्हा एकदा सगळ्या चाळल्यासारखं केलं. कुणीच लिहिलं नव्हतं. मला त्या साहेबांचा फार राग आला.

त्याच्या उमेदीतली एक हकीकत तो हसून सांगे. नागपूरच्या क्लबात एकदा साहेबांनी गंमत म्हणून मार्कर-मार्करचा सामना लावला. चांद्याचा सोमा आणि तिकडचा कुणी एक. खुर्च्या मांडल्या, मडमा येऊन बसल्या. सोमानं चेंडू टाकला तो समोरच्या मार्करच्या हातात. त्यानं परत दिला तो सोमाच्या हातात. पहिल्यांदा टाळ्या पडल्या. मग साहेब घड्याळं बघायला लागले. पहिलाच गुण संपेना! शेवटी एकेक करून सगळे उठून आत गेले, तरी हे दोघं खेळतच होते.

"थांबलात कधी?" मी विचारलं.

"चेंडू दिसे तवर खेळलो," सोमा म्हणाला. "काऊन का त्याले बी माहीत नव्हतं, कोनीतरी जिंका लागते म्हनून."

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. ही हकीकत हसण्यासारखी नव्हती, हे कळायला मला नागपूरलाच जावं लागलं.

वामनराव वकिलांनी क्लबात शब्द टाकला आणि आमच्या शाळेच्या मुलामुलींना सकाळी मैदान वापरायची परवानगी मिळाली. सोमा त्यांना शिकवू लागला. त्याचं बोलणं थोडकं. "पह्यले पाय पोचू दे, मंग हात." "चेंडूले घाई नाई, तुले काऊन घाई?" एवढ्या दोन वाक्यांवर त्यानं सहा महिन्यांत आमची पोरं अशी तयार केली, की पत्ते टाकून मेंबर बघायला बाहेर येऊ लागले. त्यांत कुसुम सगळ्यांत पुढे. जंगल खात्याच्या लाकूड डेपोतल्या कारकुनाची ही मुलगी, नववीतली, उंच आणि हट्टी. साडी खोचून खेळायला उतरली, की तिचा चेंडू कधी जाळीत जात नसे आणि कधी बाहेर पडत नसे. दोन हिवाळे सोमानं तिला शिकवलं. नागपूरला शाळांच्या स्पर्धा होत्या, त्यात तिचं नाव घातलं.

छोट्या गाडीनं, नागभीडवरून, आम्ही चौघं गेलो. कुसुम, तिचे वडील, मी आणि सोमा. तिथल्या क्लबात सोमाला फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली, इतर मार्कर बसत तिथे बसायला सांगितलं. तिथून त्याला अर्धंच मैदान दिसत होतं.

कुसुम सुंदर खेळली. मी हे उगाच म्हणत नाही, बघणारे सगळेच म्हणत होते. आणि ती सहा-एक, सहा-एक अशी साफ हरली. प्रत्येक चेंडू तिनं समोरच्या मुलीच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, अलगद नेऊन दिला. कोपरे मोकळे पडले होते, पण त्या कोपऱ्यांकडे तिचा हात वळलाच नाही. सामना संपल्यावर ती मुलगी जाळीपाशी येऊन कुसुमला मनापासून म्हणाली, "तुझ्याशी खेळताना किती छान वाटतं गं!"

कुसुमनं हे कडुलिंबाखाली येऊन सोमाला जसंच्या तसं सांगितलं. तिला ते कौतुक वाटलं होतं. सोमाचा चेहरा उतरला. परतताना नागभीडला गाडी बदलली, तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, माह्या हातचा रोग तिले लागला."

कुसुमच्या वडिलांनी पुढच्या एका हिवाळ्यापुरती कबुली दिली. मग मॅट्रिक, आणि मग खेळबिळ बंद. म्हणजे तिच्याजवळ एकच स्पर्धा उरली होती, आणि तेवढ्या वेळात तिला चेंडू दूर मारायला शिकवायचं होतं. शिकवायचं कुणी? ज्यानं आयुष्यात कधी मारला नव्हता त्यानं.

ते सुरुवातीला मला सोपं वाटलं. सोमानं पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात मोहफुलं वेचायची टोपली ठेवली आणि चेंडू मारायला लागला. दहातले दहा टोपलीत! मग टोपली काढली, कुसुम उभी राहिली. "आता मारतो पाह्य, डाव्या अंगाले," सोमा म्हणाला. चेंडू आला तो तिच्या उजव्या हातात. पुन्हा मारला, पुन्हा तिथंच. कपाळावर घाम, दात आवळलेले, आणि चेंडू मात्र पाळीव जनावरासारखा तिच्या रॅकेटपाशी येऊन उभा. आठ-दहा दिवस हेच चाललं. मला बघवेना.

"हात आयकत नाई, मास्तर," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झालेला मी पूर्वी ऐकला नव्हता.

मैनाबाई पलीकडे शेणाचं घमेलं घेऊन उभी होती. तिला टेनिसमधलं काही कळत नसे, पण नवरा कळत होता. घमेलं खाली ठेवून ती म्हणाली, "तुमी त्या पोट्टीले साहेब समजून राह्यले."

"काईबी बोलतेस."

"काईबी नाई. ती हारली तं तुमाले कामावरून काढन का? साहेब गेला ना बाप्पा, कवाचाच गेला! आता कोनाले जितवून राह्यले तुमी?"

रॅकेट काखेत धरून सोमा रुळावर बसून राहिला. मी मुलांना शाळेत घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तेव्हा तो मैदानात उभाच होता. कुसुमनं सर्व्हिस केली. सोमानं चेंडू परत मारला आणि तो तिच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात, रेघेवरचा चुना उडवत निघून गेला. कुसुम जागची हलली नाही. "चुकला तुमचा, सोमाभाऊ," ती सहज म्हणाली.

"चुकला नाई," सोमा म्हणाला. "पळ."

त्या सकाळी त्यानं तिला सहा-शून्यनं हरवलं. पोरगी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून धावून रडकुंडीला आली, आणि शेवटचा चेंडू गेल्यावर रॅकेट टाकून घरी निघून गेली. सोमा मैदानाच्या मधोमध उभा राहिला. जिंकलेल्या माणसानं पुढे काय करायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. थोड्या वेळानं तो पाठ फिरवून चेंडू वेचू लागला. माझ्याजवळ आल्यावर म्हणाला, "मास्तर, जिंकलो बरं का मी." आणि मग, "बरं नाई वाटलं काई."

त्यानंतर तो तिला रोज हरवत होता. पावसाचे चार महिने सोडले तर एक दिवस खाडा नाही. कुसुमचे वडील एकदा तणतणत आले. "पोरीले रडवता काऊन रोज?"

"इथी रडू द्या, बाबूजी," सोमा म्हणाला. "मंग तिथी नाई रडन." बाबूजी बडबडत गेले, पण मुलीचं येणं त्यांनी बंद केलं नाही, हे त्यांचे उपकारच म्हटले पाहिजेत.

कुसुमला आधी रडू येई, मग राग येऊ लागला. रागानं ती चेंडू लांब मारू लागली, आणि मग कधीतरी राग गेला नि लांब मारणं तेवढं राहिलं. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी तिनं सोमाला सहा-चार असं हरवलं. शेवटचा चेंडू त्याच्यापासून दोन हात लांबून गेला. सहा-चार म्हटल्यावर मला माझे पंधरा दिवस आठवले. मी त्याला गाठून हळूच विचारलं, "दिलात ना?"

तो माझ्यावर एवढा रागावलेला मी आधी आणि नंतर कधी पाहिला नाही. "देल्लेला चेंडू मले वळखू येते, मास्तर," तो म्हणाला. "जलमभर देल्ले मी. हा तिनं घेतला."

नागपूरला अंतिम सामन्यात समोर गेल्या वर्षीचीच मुलगी आली. सोमा कडुलिंबाखाली, त्याच जागी. कुसुमनं पहिलाच चेंडू मोकळ्या कोपऱ्यात मारला आणि कडुलिंबाखालून कुणीतरी खोकल्यासारखा आवाज आला. दोन सेटमध्ये सगळं आटोपलं. कुसुम जिंकली. कप घेऊन ती आधी आमच्याकडे न येता सरळ कडुलिंबाकडे धावत गेली, आणि तिथले सगळे मार्कर उठून उभे राहिले. सोमानं कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं विचारलं, "ती पोट्टी का बोल्ली तुले?"

"ती म्हनली, तू फार पळवते गं," कुसुम म्हणाली.

सोमा हसला. अगदी तोंडभर हसला. चांद्याला उतरल्यावर त्यानं मला घरी नेलं, पत्र्याचा डबा काढला आणि कागद पुढे ठेवला. "लिवून द्या, मास्तर. ती बोल्ली तसंच." मी लिहिलं, 'हिच्याशी खेळताना फार पळावं लागतं.' त्यानं तो कागद साहेबांच्या चिठ्ठ्यांच्या वर ठेवून झाकण लावलं.

पुढे सोमाचं नाव झालं. बल्लारपूर, वर्ध्याहून लोक मुलं आणू लागले. दर हिवाळ्यात आमच्या शाळेच्या कपाटात एखादा कप वाढे आणि हेडमास्तर तो पाहुण्यांना आपण स्वतः जिंकल्यासारखा दाखवत. येणाऱ्या प्रत्येक मुलाला सोमा पहिल्या दिवसापासून हरवी. मेंबरांना मात्र तो पूर्वीसारखाच जिंकू देई. ती नोकरी होती. मलाही तो सात वर्षं तसाच खेळवत आला. चेंडू उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर. मी काही म्हणत नसे, पण मुलांना पळताना पाहिलं, की मला त्यांचा हेवा वाटे. त्याच्या लेखी मी अजून खुर्चीतलाच माणूस होतो, हे मला लागायचं.

मग माझी गडचिरोलीला बदली झाली. आदल्या संध्याकाळी मी क्लबात निरोप घ्यायला गेलो. मैनाबाईनं चहा दिला. सोमा म्हणाला, "एक सेट होऊन जाऊ द्या, मास्तर."

मी सर्व्हिस केली. चेंडू परत आला तो माझ्या डाव्या अंगाला, कोपऱ्यात, रेघेवर. मी वळेपर्यंत तो मागच्या बाभळीपाशी पोचलासुद्धा. मी सोमाकडे पाहिलं. तो गंभीर चेहऱ्यानं पुढच्या चेंडूची वाट बघत होता. त्यानंतर मी जे पळालो ते आयुष्यात पळालो नसेन. धोतराचा सोगा सुटला, चष्मा काढून मैनाबाईकडे द्यावा लागला, दोनदा पडलो. एकही चेंडू माझ्या हातात आला नाही. सहा-शून्य! तिसाव्या वर्षी मला धाप लागली होती आणि इतका आनंद झाला होता, की डोळ्यांत पाणी आलं. ते मी घामाच्या नावाखाली पुसलं.

डोळे पुसून बघतो तर सोमा जाळीपाशी आला होता. त्यानं उजवा हात हाफपँटीला दोनदा पुसला आणि जाळीवरून पुढे केला.

"जोहार, मास्तर," तो म्हणाला. मी तो हात धरला. लाकडासारखा कडक हात होता. मग सवयीप्रमाणे तो वळला आणि चेंडू वेचायला निघाला.

"थांबा, सोमाजी," मी म्हटलं.

चेंडू मी वेचले. एक बाभळीखाली काट्यांत गेला होता, तो काढायला जरा वेळ लागला. घेऊन आलो तेव्हा सोमा मार्कर तसाच जाळीपाशी उभा होता.